छंदांचं इंग्लिश शिकवायचंय? मग शब्दकोडी अशी वापरा

मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, व्हॉट आर युवर हॉबीज या प्रश्नाला अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच असतं, रीडिंग, ट्रॅव्हलिंग, लिसनिंग टु म्युझिक. पुढे विचारलं काय वाचता, कुठे फिरता, की संपलं, सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. आणि हीच माणसं मराठीत सुरू झाली की थांबत नाहीत. इथे बडोद्यात तर उत्तरायणाचे म्हणजे पतंगांच्या सणाचे दोन दिवस जेवायलासुद्धा गच्चीवरून खाली न उतरणारे आहेत, नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरब्याला जाणारे आहेत, सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारून झाल्या की तिथेच बाकावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे आजोबा आहेत, बाल्कनीत कुंड्या ठेवायला जागा उरली नाही तरी नर्सरीतून नवीन रोप आणणाऱ्या काकू आहेत. म्हणजे सांगायला भरपूर आहे, शब्द नाहीत. ही पोकळी भरायला मला शब्दकोड्यांइतकं चांगलं साधन दुसरं सापडलेलं नाही, पण एका अटीवर. कोडं सुटलं म्हणजे शब्द आला असं धरायचं नाही. तो शब्द शिकणाऱ्याच्या तोंडून स्वतःबद्दलच्या वाक्यात बाहेर पडला तरच आला. खालची सगळी पद्धत या एकाच गोष्टीसाठी आहे.

गरज पण खरी आहे हं. मुलगा-सून कॅनडात असतात, तिकडे गेल्यावर शेजारची बाई बागेत काम करताना दिसते आणि आपल्याला फक्त नाइस फ्लॉवर्स एवढंच म्हणता येतं. आणि जी तरुण मुलं आयल्ट्स ही परदेशी जायला लागणारी इंग्लिशची परीक्षा देतात त्यांच्या स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, त्यातला पहिला भाग 4-5 मिनिटांचा, आणि त्यात घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी असल्याच ओळखीच्या गोष्टी विचारतात. तिथे पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

आधी गप्पा, शब्द नंतर

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात, नेटवरून हॉबीज व्होकॅब्युलरीची यादी डाउनलोड करायची, त्यात आर्चरी, स्केटिंग, बर्ड वॉचिंग असे पन्नास शब्द, आणि ते वर्गात वाटून टाकायचे. ज्या बाईंनी आयुष्यात धनुष्यबाण हातात धरला नाही त्यांना आर्चरी शिकवून उपयोग काय? शब्द माणसाकडून घ्यायचे. प्रत्येकाला पाच मिनिटं मराठीत बोलायला लावा, गुजराती-हिंदी मिसळलं तरी चालेल, छंद काय ते विचारू नका, तर शेवटचं कधी केलं आणि कसं केलं ते विचारा. तुम्ही वही घेऊन बसा आणि त्यातल्या वस्तू आणि क्रिया टिपत चला.

एक उदाहरण घेऊ. विणकाम करणाऱ्या काकू साधारण असं बोलतात: लोकर आणते, डिझाइन यूट्यूबवर बघते, सुया माझ्या जुन्याच आहेत, पाठ पटकन होते पण गळ्याशी आलं की अडतं, मग उसवते आणि परत घालते. या एका श्वासात सगळा धडा आला. वूल, पॅटर्न, नीडल, नेक, निट, अनडू. यादीत तुम्हाला फक्त निटिंग मिळालं असतं. बघा, उसवणं हा शब्द कुठल्याही यादीत नसतो, आणि विणणाऱ्या बाईला तोच सगळ्यात जास्त लागतो, आय हॅड टु अनडू इट.

एका वेळी पाच ते आठ शब्द, त्याच्यावर नाही. आणि त्यातले निदान दोन-तीन तरी क्रियापदं हवीत, कारण नुसत्या वस्तूंच्या नावांनी वाक्य उभं राहत नाही.

एका कोड्यात एकच छंद, आणि जुळे शब्द लांब ठेवा

हे जरा नीट समजून घ्या कारण बाजारात मिळणाऱ्या वर्कशीट्स बरोबर याच्या उलट असतात. त्यात निट, सो, क्रोशे, एम्ब्रॉयडर असे एकाच जातीचे शब्द एकत्र शिकवतात. दिसायला शिस्तशीर, पण डोक्यात त्यांचा गुंता होतो, दोन दिवसांनी विचारलं की शिवणं म्हणजे निट आणि विणणं म्हणजे सो होऊन बसतं. थॉमस टिंकहॅम नावाच्या संशोधकाने 1993 मध्ये यावर प्रयोग केले होते, अर्थाने एकाच गटातले नवीन शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते शिकायला जास्त कष्ट पडले, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द सोपे गेले. 1997 च्या कामात त्यांनी हेही दाखवलं की एका प्रसंगाभोवतीचे शब्द, म्हणजे एकाच गोष्टीत येणारी वस्तू, क्रिया, जागा, हे एकत्र शिकायला सोपे जातात.

आपल्या कामात याचा अर्थ सरळ आहे. दहा छंदांची दहा नावं एका कोड्यात घालायची नाहीत. एक छंद घ्यायचा आणि त्याच्या गोष्टीतले शब्द घ्यायचे. पतंगाचं कोडं असेल तर काइट, स्ट्रिंग, रील, टेरेस, विंड, नॉट म्हणजे गाठ, फ्लाय, कट. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही आणि सगळे मिळून चौदा जानेवारीची सकाळ उभी राहते. बागकामाचं असेल तर पॉट, सॉइल, सीड, वॉटर, लीफ, प्रून. इथे लीफ आहे म्हणून लगेच स्टेम, ब्रांच, ट्विग, रूट असं झाडाचं शरीरशास्त्र सुरू करू नका, पुढच्या महिन्यात करा.

कुठलं कोडं कशासाठी

शब्द शोधा प्रकारचं कोडं, म्हणजे अक्षरांच्या चौकोनात लपलेले शब्द, हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी शिकवणारं. अर्थ न कळताही ते सुटतं, नुसती अक्षरं जुळवायची. तरी मी ते पूर्ण टाकून देणार नाही, ज्यांचं शिक्षण मराठी किंवा गुजराती माध्यमात झालंय आणि इंग्लिश अक्षरांवरून नजर सावकाश फिरते त्यांना शब्दाचा आकार ओळखायला ते बरं पडतं. फक्त दोन बदल करा. खाली शब्दांची यादी देऊ नका, त्याऐवजी अर्थ द्या किंवा चित्र द्या. आणि शब्द फक्त आडवे आणि उभे ठेवा, उलटे आणि तिरपे नकोत, स्पेलिंग आधीच कच्चं आहे त्यात शब्द मागून पुढे वाचायला लावून काय मिळवणार?

अक्षरं उलटसुलट करून द्यायची हा प्रकार स्पेलिंगसाठी छान आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला एकदम सोयीचा, टी, ई, के, आय, सांगा बरं कुठला शब्द. पण सहा-सात अक्षरांच्या पुढे जाऊ नका आणि पहिलं अक्षर देऊन टाका. फोटोग्राफीची अकरा अक्षरं विस्कटून दिली तर माणूस वैतागेल, शिकणार काही नाही. आणि हा प्रकार शब्द आधी बघून झाल्यावरच, अनोळखी शब्दाची मोडतोड कधीच दाखवायची नाही.

वर्डल सगळ्यांना माहितीये, पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, 2021 मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलं. ते फळ्यावर सहज खेळता येतं, हिरव्या-पिवळ्या खडूने, अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं. डान्स, म्युझिक, पेंट, स्टॅम्प, कार्ड्स, नॉव्हेल, या सगळ्यांच्या स्पेलिंगात पाचच अक्षरं आहेत. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटांत वर्ग जागा होतो, त्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

खरं काम करतं ते आडवे-उभे शब्दांचं कोडं. त्यात अर्थावरून शब्दाकडे जावं लागतं, आणि बोलतानाही आपण तेच करतो, आधी मनात गोष्ट असते मग शब्द शोधतो. शिवाय ते पोरखेळ वाटत नाही, मोठ्यांच्या वर्गात याला फार महत्त्व आहे. साठीच्या माणसाच्या हातात रंगवायचं चित्र दिलं तर तो उद्या येणार नाही, पण शब्दकोडं ही मुळात मोठ्यांचीच करमणूक, आर्थर विन यांचं पहिलं कोडं 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरच्या रविवारच्या अंकात आलं होतं. आणि आपल्याकडे मराठी पेपर वाचणाऱ्या पिढीला आडवे शब्द, उभे शब्द हे समजावून सांगायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगायला लागते. मराठी कोड्यात एका घरात आख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. नीडल म्हटलं की मराठी कोडी सोडवणारा माणूस तीन घरं मोजतो, नी, ड, ल. इंग्लिशमध्ये त्याला सहा घरं लागतात, एन, ई, ई, डी, एल, ई. हे सांगितलं नाही तर पंचवीस वर्षं कोडी सोडवणारा हुशार माणूस इथे अडकतो आणि त्याला वाटतं आपल्याला इंग्लिश येतच नाही. म्हणून पहिलं कोडं द्यायच्या आधी फळ्यावर दोन शब्द दोन्ही पद्धतीने घरांत लिहून दाखवा. कोडं सगळं कॅपिटल अक्षरांत, हेही आधीच सांगायचं.

जाळं हाताने कसं मांडायचं

चौकोनांची गणिताची वही घ्या, पेन्सिल आणि रबर. सगळ्यात लांब शब्द मधे आडवा लिहायचा आणि बाकीचे त्याला लटकवायचे. वरच्या विणकामाचंच करू. पॅटर्न, सात अक्षरं, पी-ए-टी-टी-ई-आर-एन, हा आडवा. त्याच्या तिसऱ्या घरात टी आहे, तिथे निट उभा येऊन संपतो, म्हणजे के-एन-आय वरच्या तीन घरांत आणि शेवटचा टी पॅटर्नचाच. पाचव्या घरात ई आहे, तिथून नीडल उभा जातो, त्याचा पहिला एन एक घर वर आणि उरलेली चार अक्षरं खाली. सातव्या घरातल्या एनपासून नेक खाली सुटतो. आता खाली नीडलचा एल मोकळा आहे, त्याला डावीकडून वूल आडवा आणून टेकवा, एलवरच संपतो. झालं, पाच शब्द, सात घरं रुंद आणि आठ घरं उंच. अनडूला उगाच कोंबू नका, तो तासाच्या शेवटी वाक्यात येईल.

लक्षात ठेवायचं एवढंच की दोन उभे शब्द एकमेकांना चिकटून येऊ द्यायचे नाहीत, मधे एक उभी ओळ रिकामी हवी, नाहीतर आडवं वाचलं की भलतेच शब्द तयार होतात. म्हणूनच वर तिसरं, पाचवं आणि सातवं घर घेतलंय.

शब्द सात-आठ असतील तर क्रॉसवर्ड लॅब्स किंवा इक्लिप्सक्रॉसवर्डसारखी फुकटातली साधनं आहेत, शब्द आणि सूत्रं, म्हणजे उत्तर ओळखायचे क्लू, टाकले की जाळं तयार. पण पाच-सहा शब्दांसाठी हातानेच करा, कारण शब्द जुळवताना तुमच्याच लक्षात येतं की स्पेलिंगमध्ये कुठे खाचखळगे आहेत. या कोड्यातच बघा, पॅटर्नमध्ये दोन टी, नीडलमध्ये लागोपाठ दोन ई, वूलमध्ये दोन ओ, आणि निटच्या आधी न बोलणारा के. हे चार मुद्दे तुम्हाला तासाला आयते मिळाले. घरं मात्र मोठी आखा, निदान एक सेंटिमीटरची, चष्मा विसरून आलेला एक तरी असतोच.

सूत्रं लिहिणं हाच खरा कसाला लागणारा भाग

डिक्शनरीतली व्याख्या उचलून सूत्र म्हणून टाकायची नाही. व्याख्येतले शब्द मूळ शब्दापेक्षा अवघड असतात, आणि मग शिकणारा सूत्राचा अर्थ शोधत बसतो. मला सगळ्यात फळलेली पद्धत म्हणजे गाळलेल्या जागेचं वाक्य, आणि ते वाक्य असं की त्या माणसाला उद्या तसंच्या तसं वापरता येईल. निटसाठी, आय अमुक अ स्वेटर फॉर माय ग्रँडसन एव्हरी विंटर. वूलसाठी, धिस अमुक इज सॉफ्ट बट इट इज एक्स्पेन्सिव्ह. नेकसाठी, द स्वेटर इज टू टाइट अराउंड द अमुक. पॅटर्नसाठी, आय फॉलो अ अमुक, रो बाय रो. नीडलसाठी, वन अमुक फेल अंडर द सोफा. अमुकच्या जागी अर्थात रिकामी रेघ.

म्हणजे कोडं सुटलं की हातात पाच शब्द नाही, पाच वाक्यं येतात. आणि ती काकूंच्याच आयुष्यातली आहेत, नातवाचा स्वेटर खराच आहे, महाग लोकर खरीच आहे.

सूत्रातला प्रत्येक शब्द वर्गाला आधीपासून येत असला पाहिजे, एखादा नवा शिरला तर वाक्य बदला. आणि एका सूत्राला दोन उत्तरं बसत असतील तर घाबरू नका, बोलण्यासाठी ते उलट चांगलंच असतं, कसं ते पुढे सांगतो.

वर्गात कसं चालवायचं

कोडं वाटायच्या आधी सगळे शब्द कानावर पडलेले हवेत. खऱ्या वस्तू आणा, सुई-लोकर, फिरकी, कुंडी, मातीची पिशवी. हातात धरून शब्द म्हणायचा, दोनदा तुम्ही, दोनदा सगळ्यांनी. निटचा के बोलायचा नाही हे इथेच, कानाने. नॉटचंही तेच. मग वस्तू बाजूला ठेवून कोडं द्यायचं.

दोघांत एक कागद आणि एकच पेन्सिल. ही छोटीशी गोष्ट आहे पण हिच्याशिवाय सगळा तास मुका होतो, प्रत्येकाला स्वतःचा कागद दिला की मान खाली घालून परीक्षेसारखं सोडवत बसतात. ज्याच्या हातात पेन्सिल त्याने उत्तर सांगायचं नाही, सांगायचं दुसऱ्याने, स्पेलिंग पण त्यानेच सांगायचं, अक्षर-अक्षर. पाच मिनिटांनी पेन्सिल बदलायची. जोड्या लावताना एक पटपट बोलणारा आणि एक नीट लिहिणारा अशी लावा. काकांना आणि पंचविशीच्या मुलाला एकत्र बसवलं तर पहिले दहा मिनिटं मुलगा संकोचतो, काकांच्या आधी उत्तर कसं द्यायचं म्हणून, तिथे पेन्सिल काकांकडे द्या म्हणजे बोलायचं काम आपोआप मुलाकडे येतं.

अडलं तर पहिलं अक्षर द्या. अजून अडलं तर दुसरं. पूर्ण उत्तर शिक्षकाने कधीच द्यायचं नाही. आणि तपासताना पाच आडवा वूल, एक उभा निट असं वाचून दाखवू नका, जोडीने पूर्ण वाक्य वाचायचं, धिस वूल इज सॉफ्ट बट इट इज एक्स्पेन्सिव्ह. एवढ्यात शब्द तोंडातून एकदा तरी गेला.

अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे

थोडा सराव झाला की मग हा प्रकार, आणि मला विचाराल तर मोठ्यांच्या वर्गासाठी याच्यावर काही नाही. जाळं एकच, पण दोन कागद. एकात आडवे शब्द भरलेले आणि उभे रिकामे, दुसऱ्यात उलट. छापील सूत्रं नाहीत. समोरासमोर बसायचं, कागद दाखवायचा नाही, आणि स्वतःकडच्या शब्दाचं वर्णन इंग्लिशमध्ये करून समोरच्याकडून तो काढून घ्यायचा. म्हणजे सूत्र आता शिकणारा स्वतः तयार करतोय, बोलून.

याआधी फळ्यावर चार-पाच वाक्यं लिहून ठेवायची आणि ती तासभर पुसायची नाहीत. व्हॉट्स फाइव्ह डाउन? इज इट अ थिंग ऑर ॲन ॲक्शन? हाउ मेनी लेटर्स? कॅन यू से दॅट अगेन? यू यूज इट टु. ही नसली तर पहिल्याच मिनिटाला मराठी सुरू होतं.

पतंगाच्या कोड्यात काय होतं बघा. एक जण विचारतो, व्हॉट्स फाइव्ह डाउन? समोरच्या काकू, इट इज अ थिंग, थिन, व्हेरी लाँग, यू होल्ड इट, इट कट्स युवर फिंगर. तो म्हणतो थ्रेड. घरं मोजतो, सहा, बसतंय की. काकू म्हणतात, नो नो, फर्स्ट लेटर एस. तो परत विचारात. इज इट फॉर क्लोद्ज? काकू, नो, थ्रेड इज फॉर क्लोद्ज, धिस इज फॉर काइट. मग स्ट्रिंग. बघा, थ्रेड आणि स्ट्रिंग दोन्ही सहा अक्षरी, त्यामुळे नुसती घरं मोजून भागलं नाही, दोघांना फरक इंग्लिशमध्ये बोलून काढावा लागला. काकूंनी फॉर अ काइट म्हणायला हवं होतं, पण त्या क्षणी अडवू नका, टिपून ठेवा, शेवटी सगळ्यांसाठी मिळून सांगा.

याच वेळी स्थानिक शब्द आपोआप येतात, किन्ना (पतंगाला बांधायचा दोरा), ढील (दोर सैल सोडणं), पेच, त्यांना नाही म्हणू नका. परदेशातल्या माणसाला पेच कसा समजावशील असं विचारा. टू काइट्स फाइट इन द स्काय, वन स्ट्रिंग कट्स द अदर. हे वाक्य जमलं की माणूस खूश होतो, कारण आता तो स्वतःच्या सणाबद्दल बोलतोय. गरब्याचंही तसंच, डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गरबा गेला, त्यामुळे तिकडच्या लोकांकडून प्रश्न येऊ शकतो. सर्कल, क्लॅप, टर्न, ड्रम, स्टेप, बेअरफूट, एवढ्या सहा शब्दांवर अख्खा गरबा सांगता येतो.

गो, प्ले आणि डू

कोड्यांतून शब्द येतात पण त्यांच्या शेजारी कुठलं क्रियापद लागतं ते येत नाही, आणि आपली माणसं अडखळतात ती तिथेच. आय डू स्विमिंग, आय गो टु प्ले योगा, असं काहीतरी होतं. त्यासाठी वेगळं छोटं कोडं, कागदाच्या चिठ्ठ्या करा आणि तीन डब्यांत टाकायला लावा. ज्यासाठी घरातून निघून कुठेतरी जायचं आणि शेवटी आयएनजी असतं ते बहुतेक गोमध्ये, स्विमिंग, सायकलिंग, ट्रेकिंग, शॉपिंग. खेळ आणि वाद्यं प्लेमध्ये, क्रिकेट, चेस, कॅरम, आणि द हार्मोनियम, द तबला, वाद्याच्या आधी द शिकवलेला बरा. डूमध्ये योगा, कराटे, आणि हो, डू अ क्रॉसवर्ड.

बडोद्यात हमखास वाद होतो तो गरब्यावर. गरबा रमायला जायचं ही आपली सवय, गुजरातीत रमवुं म्हणजे खेळणं, म्हणून सगळे आय प्ले गरबा म्हणतात, आणि भारतात ते सगळ्यांना कळतं. पण बाहेरच्या माणसाला तो एखादा खेळ वाटतो, म्हणून मी वर्गात आय डान्स गरबा किंवा आय डू गरबा शिकवतो. पहिलं चूक म्हणून खोडत नाही, कोणाशी बोलताय त्यावर ठरवा असं सांगतो.

याला जोडूनच एन्जॉय आणि लाइक. आय एन्जॉय टु रीड हे फार ऐकू येतं. एन्जॉयनंतर क्रियापद आलं तर नेहमी आयएनजी, लाइकनंतर दोन्ही चालतं, चिठ्ठ्यांवर एन्जॉय लिहून पुढचा तुकडा निवडायला लावा, नियम सांगण्यापेक्षा लवकर बसतं.

परत, परत आणि वेगळ्या रूपात

एकदा सुटलेलं कोडं फायलीत गेलं की शब्दही फायलीत जातात. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग त्याचा वेग कमी होत जातो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग आठवड्याने, मग महिन्याने. पण तेच कोडं तसंच दिलं तर लोक घरांच्या जागेवरून आठवतात, शब्द आठवत नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन विस्कटलेले शब्द टाका, आणि उत्तर शब्दात घ्यायचं नाही, व्हॉइस मेसेजमध्ये वाक्य बोलून पाठवायचं. आठवड्याने तेच जाळं, सूत्रं मात्र मराठीत. महिन्याने कागदच नाही, दोन मिनिटं स्वतःच्या छंदाबद्दल बोलायचं आणि वर्गाने ऐकत कोड्यातले किती शब्द आले त्याच्या रेघा मारायच्या. चार आले तरी भरपूर. जे आले नाहीत ते त्याच्या पुढच्या कोड्यात परत घाला.

ज्यांना अजून खुराक हवा त्यांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवा, सयाजीराव महाराजांच्या काळापासूनची ती लायब्ररी आहे, आपल्या छंदावरचं एखादं सचित्र इंग्लिश पुस्तक काढायला सांगा आणि त्यातून फक्त तीन शब्द आणायला सांगा. तीनच. पण ते तीन का निवडले हे वर्गात सांगायला लागेल.

शेवटी कोडं त्यांनाच करू द्या

दोन-तीन महिने झाले की तुम्ही कोडी करणं थांबवा आणि हे काम वर्गावर सोपवा. प्रत्येकाने आपल्या छंदाचं पाच शब्दांचं जाळं आखायचं आणि पाच सूत्रं लिहायची. यात तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहिती असते, बागकाम करणाऱ्या काकू रिपॉट आणि कंपोस्ट घेऊन येतात, तबला शिकणारे काका बीट आणि रिदममधला फरक तुम्हाला समजावतात, आणि जो माणूस वर्गात सगळ्यात गप्प बसतो त्याचंच कोडं बऱ्याचदा सगळ्यात चांगलं निघतं. सूत्रांतलं इंग्लिश एकदा तुम्ही बघून द्या, पण वाक्य त्यांचंच ठेवा, गुळगुळीत करून टाकू नका. मग कोड्यांची अदलाबदल, आणि ज्याने कोडं केलं त्याने सोडवणाऱ्याच्या समोर बसायचं. अडला तर हिंट इंग्लिशमध्येच द्यायची, हवं तर हातवारे करून, पण अक्षर सांगायचं नाही.